सैन्यात जायचं की नाही, हे ठरवताना

बारावीत असतानाच विचारलंस, हे फार बरं झालं. आधी ठरव: जवान की अधिकारी? जवानांची भरती आता अग्निवीर म्हणून होते, म्हणजे 4 वर्षं. त्यातले जास्तीत जास्त 25 टक्के पुढे कायम होतात. बाकीच्यांना सेवानिधी, म्हणजे एकरकमी पैसे मिळतात, पेन्शन नाही. घर तुझ्यावर चालणार असेल तर हा हिशेब आईबाबांसोबत बसून कर. तोवर एनडीएचा, म्हणजे बारावीनंतर अधिकारी व्हायच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरच. परीक्षा वर्षातून दोनदा असते, आता मुलीही देतात.

एक मनाला नीट विचार. गणपतीत सगळी चाळ एकत्र असेल आणि तू सीमेवर, सुट्टी नामंजूर. हे चालेल? गणवेशाची ओढ खरी असली, तरी रोज जगायचं हे असतं.

नवीन मुलं हमखास चुकतात ते इथे:
- पहिल्याच आठवड्यात डांबरी रस्त्यावर जोरात पळतात, नडग्या धरतात. शिवाजी पार्कच्या मातीत हळूहळू सुरू कर.
- मेडिकल शेवटावर ठेवतात. दात, कान, रंगदृष्टी आत्ताच तपासून घे.
- ‘सेटिंग’वाल्याला, म्हणजे भरती करून देतो म्हणणाऱ्या दलालाला, पैसे देतात. एक रुपयाही देऊ नकोस.

एसएसबीची, म्हणजे लेखीनंतर होणाऱ्या अधिकारी निवडीच्या मुलाखतीची, काळजी आत्ता नको. लेखी निघाली की विचार, सगळं सांगतो.