विटाळाची रजा

सातारा जिल्ह्यातून हे पत्र आले आहे. लेखिका ३६ वर्षांच्या असून पतपेढीत नोकरी करतात. घरी पती, सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी आहे. चौदा महिन्यांपूर्वी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून त्यांच्या डाव्या अंडाशयावरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, काढण्यात आली, एंडोमेट्रिऑसिसचे (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचे) निदान पक्के झाले आणि त्याच वेळी गर्भाशयात मिरेना, म्हणजे हार्मोनची तांबी, बसवण्यात आली. पहिले पाच महिने रोज थोडे थोडे डाग पडत राहिले, नंतर पाळी पूर्ण थांबली आणि आठवर आलेले हिमोग्लोबिन साडेअकरापर्यंत चढले. तरीही दर महिन्याला चार-पाच दिवस ओटीपोट आणि कंबर दुखते आणि त्या दिवसांत शौचाच्या वेळी जीवघेणी कळ येते. सासूबाई म्हणतात, "विटाळ बाहेर पडत नाही, आत साठतो, म्हणून दुखतं, काढून टाक ती तांबी." पती समजूतदार आहेत, कधी काही बोलत नाहीत. प्रश्न एवढाच आहे की, तांबी काढून टाकावी का?

---

तुमच्या तीन पानी पत्रातील अडीच पाने तांबीविषयी आहेत. मी मात्र अडकले ते दुसऱ्या पानाच्या तळाशी तुम्ही कंसात लिहिलेल्या एका ओळीपाशी: "पूर्वी पाळीचे पहिले दोन दिवस मी स्वयंपाकघरात जात नसे, सगळे सासूबाई करायच्या, आता पाळीच नाही, त्यामुळे तो प्रश्न उरला नाही." तो प्रश्न उरला नाही, असे तुम्ही अगदी सहज लिहून गेला आहात. मला तर तुमच्या सगळ्या पत्रात तेवढाच एक प्रश्न दिसतो.

शिवाशिवीच्या त्या प्रथेविषयी मला यत्किंचितही प्रेम नाही. परंतु लहानपणी आमच्या आत्याला मी पाहिलेले आहे. ती तीन दिवस माजघराच्या कोपऱ्यात घोंगडीवर भिंतीकडे तोंड करून पडून असायची, आणि चौथ्या दिवशी न्हाऊन आली की तिचा चेहरा सबंध महिन्यात दिसला नसेल इतका टवटवीत दिसायचा. आम्हा मुलांना वाटे की तो न्हाण्याचा प्रताप असावा. ती केवळ झोप होती, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. तुम्हालाही त्या दोन दिवसांत हेच मिळत होते. विटाळाच्या नावाखाली का होईना, तुम्हाला रजा मिळत होती आणि ती मागावी लागत नव्हती, कारण तुमच्या वतीने रक्त बोलत होते. तांबीने रक्त थांबवले, त्याबरोबर रजाही गेली आणि दुखणे मात्र मागे उरले. आता महिन्याचे तीसही दिवस पोळ्या तुमच्याच हातच्या असतात, आणि त्यांतले चार-पाच दिवस तुम्ही ओट्याला पोट टेकून उभ्या असता. हे तुमचेच शब्द आहेत. तेही तुम्ही असेच जाता जाता लिहिले आहेत.

तुम्हाला तांबी नकोशी झाली आहे, यावर म्हणूनच माझा विश्वास नाही. तुम्हाला ते दोन दिवस परत हवे आहेत, आणि ते मिळवण्याचा एकच मार्ग तुम्हाला ठाऊक आहे, तो म्हणजे पुन्हा रक्तस्राव सुरू करणे.

सासूबाईंचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांच्या पिढीने पाहिली ती सरकारी दवाखान्यात बसवली जाणारी तांब्याची तांबी. तिने अनेकींचा रक्तस्राव वाढतो आणि पोटातही दुखते, तेव्हा त्यांचा अनुभव खोटा नाही. तुमच्या तांबीत मात्र तांबे नावालाही नाही. तिच्यात ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचे हार्मोन असते आणि सुरुवातीला त्यातील सुमारे २० मायक्रोग्रॅम रोज गर्भाशयात झिरपते. त्यामुळे गर्भाशयाचे आतले अस्तर इतके पातळ राहते की दर महिन्याला गळून पडावे असे तिथे काही तयारच होत नाही, मग साठणार कोठून? पहिल्या काही महिन्यांचे डागही हे अस्तर विरळ होत असतानाचेच होते आणि ते बहुतेकींना पडतात.

मग दुखते का, हा तुमचा रास्त प्रश्न आहे. एंडोमेट्रिऑसिस गर्भाशयाच्या आत नसतो, बाहेर असतो. अस्तरासारखी ऊती अंडाशयावर, गर्भाशयाच्या मागच्या बाजूला, कधी आतड्यावर रुजते आणि तिच्याभोवती सूज येते, आतले अवयव एकमेकांना चिकटतात. तांबीचा मुख्य परिणाम गर्भाशयापुरता असतो. ती असतानाही अनेक स्त्रियांच्या अंडाशयांचे मासिक चक्र चालूच राहते, आणि म्हणून रक्ताचा थेंब न पडताही ठराविक दिवस दुखण्याचे असू शकतात. शिवाय वर्षानुवर्षे दुखत आलेल्या ओटीपोटातले स्नायू आणि नसा इतक्या हळव्या होतात की मूळ आजार दबला तरी त्या लगेच शांत होत नाहीत. थोडक्यात, पाळी थांबली याचा अर्थ आजार थांबला असा होत नाही.

आणि नेमकी हीच चूक तुमच्याभोवती सगळ्यांकडून होते आहे. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी विचारले, "ब्लीडिंग कसं आहे?" तुम्ही म्हणालात, "बंद झालं." त्या "छान" म्हणाल्या आणि तुम्ही पर्स उचललीत, कारण बाहेर वीस बायका बसल्या होत्या आणि पतींची अर्ध्या दिवसाची रजा होती. डॉक्टरांनी रक्ताविषयीच विचारले, हे त्यांचे चुकलेच. परंतु शौचाच्या वेळी जीवघेणी कळ येते, हे वाक्य त्यांना सांगायचे सोडून तुम्ही मला लिहिता, याचा मला राग आला आहे. दर महिन्याला त्याच दिवसांत येणारी अशी कळ गर्भाशयाच्या मागे, गुदाशयाजवळ आजार खोल गेल्याची खूण असू शकते, आणि ते कळले तर डॉक्टर पुन्हा सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घेतील, तांबी ठेवूनच डायनोजेस्टसारखी हार्मोनची गोळी द्यायची का ते ठरवतील, स्नायूंसाठी फिजिओथेरपी सुचवतील. त्यांतले काय करायचे ते त्यांनी ठरवावे. त्यांना ठरवता येईल एवढे तरी तुम्ही त्यांच्यासमोर ठेवले पाहिजे.

आता पतींविषयी. ते समजूतदार आहेत, असे तुम्ही चार वेळा लिहिले आहे, आणि पुरावा म्हणून दर वेळी एकच गोष्ट दिली आहे की ते काही बोलत नाहीत. बाई, काही न बोलणे हे फार स्वस्त काम आहे. पूर्वी त्या दोन दिवसांत तुमचा भार कोणी उचलला? सत्तरीला टेकलेल्या सासूबाईंनी. मिस्टर तेव्हाही काही बोलले नाहीत आणि आताही बोलत नाहीत. त्यांना कणीक भिजवता येते का, हे तुमच्या पत्रावरून मला कळलेले नाही.

तेव्हा माझे सांगणे एकच आहे. तुमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकत असेलच, आणि पूर्वी त्यावर तुम्ही पाळीच्या तारखेला पेनाने बारीकसा ठिपका देत असाल, जो फक्त तुम्हाला आणि सासूबाईंना कळायचा. गेल्या नऊ महिन्यांची पाने कोरी असतील. उद्यापासून ज्या दिवशी दुखेल त्या दिवसाच्या चौकटीत लाल पेनाने, दुरून वाचता येईल एवढ्या अक्षरात, "दुखते" असे लिहा. शौचाच्या वेळी कळ आली तर तेही लिहा, गोळी घ्यावी लागली तर किती ते लिहा. ज्या दिवशी हा शब्द लिहिलेला असेल त्या दिवशी तुम्ही ओट्यापाशी उभ्या राहायचे नाही, आणि कोणी कारण विचारले तर भिंतीकडे बोट दाखवायचे. पतींनी भात-आमटी करावी, नाहीतर कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून डबा आणावा. सासूबाईंकडे मात्र काम परत ढकलायचे नाही. तुमची मुलगी ते वाचेल याचा संकोच वाटत असेल, तर तिने ते अवश्य वाचावे. आईला दुखते तेव्हा आई आडवी होते आणि त्यासाठी बाजूला बसावे लागत नाही, एवढे तिला नवव्या वर्षी कळले तर बिघडणार नाही.

दोन पाने भरली की ती फाडून डॉक्टरांकडे न्या आणि त्यांनी काही विचारण्याच्या आधी टेबलावर ठेवा. तोपर्यंत तांबीला हात लावायचा नाही. शस्त्रक्रियेनंतर पाळीतले दुखणे पुन्हा उलटू नये म्हणून ही तांबी किमान १८ ते २४ महिने तरी ठेवावी, असे युरोपातील तज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली आपल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे, आणि तुमचे चौदाच झाले आहेत. आज काढली तर अस्तर पुन्हा वाढू लागेल, पाळी परत येईल आणि वर्षभरात कमावलेले हिमोग्लोबिन पुन्हा आठच्या वाटेला लागण्याची भीती आहे. मात्र ताप आला, दुर्गंधीयुक्त स्राव जाऊ लागला, अचानक आणि निराळीच तीव्र कळ आली किंवा तांबीचे दोरे हाताला लागेनासे झाले, तर पानांची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तपासणीला पतींना बरोबर न्यायचे असेल तर न्या, पण त्यांना पूर्ण दिवसाची रजा काढायला सांगा.