आधी धुऱ्यावर जाऊन बघ

चि. पोरी,

तुझं पत्र मिळालं. येत्या दिवाळीपासून घरात आपल्या तालुक्यात पिकलेलंच शिजवायचं, असं तुम्ही दोघांनी ठरवलंय. ठरवा. पण डबे रिकामे करायच्या आधी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन उभी राहा आणि नजर पोचेल तिथवर बघ. कपाशी आणि सोयाबीन. यातलं ताटात काय वाढशील?

आम्ही चुकलो ते इथेच. सुरुवात चुलीपासून केली. मी पहिल्याच आठवड्यात चहा-साखर बंद केली, सासूबाई शेजारी जाऊन चहा पिऊन यायच्या आणि वर मलाच विचारायच्या, "कसं चाललंय तुझं व्रत?" मग पावसाळ्यात एकरभर ज्वारी पेरली. चहूकडे सोयाबीन आणि मधे आमचा एकच ज्वारीचा तुकडा. साऱ्या शिवाराची पाखरं आमच्याच कणसांवर, रात्री रानडुकरं. घरी आली दीड पोतं. लोक पोळी खायला लागले म्हणून ज्वारी गेली म्हणतात. राखण परवडेना म्हणूनही गेली, हे मला त्या वर्षी कळलं. म्हणून एकटीने पेरू नकोस. धुऱ्याला धुरा लागून असलेली तीन-चार घरं तयार कर, म्हणजे पाखरं वाटली जातील आणि जागलीच्या पाळ्याही. पाच माणसांना दिवसाला सव्वा किलो पीठ धर, वर्षाचे साडेचार क्विंटल होतात. जावईबापूंना हा आकडा आत्ताच सांग. कडबा बैलांना होईल म्हटलं की ते ऐकतील.

मूग त्याच ज्वारीत घे, दोन-सव्वादोन महिन्यांत हाती येतो. कपाशीतला नको. तिथली तरोटा-चिवळही खुडू नकोस. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारता-फवारता माणसं दगावली. तेच औषध भाजीवर पडत नाही थोडंच. आंबाडी धुऱ्यावर टाक, तिला काही लागत नाही.

भाकर जमत नाही म्हणतेस, तो दोष तुझ्या हाताचा नाही. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग भाकर थापताना कडेने फाटते आणि तोंडात कडवट लागते. आठ-दहा दिवसांचंच दळून आण. तरी फाटली तर थोड्या पिठावर उकळतं पाणी ओत, झाकून ठेव, कोमट झालं की उरलेल्या पिठात मळ. मी लग्नानंतर चार वर्षांनी शिकले हे, तोवर नकाशेच खाल्ले घराने.

तेलाचा प्रश्न सगळ्यात अवघड. गाडीभर सोयाबीन विकायचं आणि येताना त्याच्याच तेलाचं पाकीट आणायचं, असा आपला कारभार. घाणीवर सोयाबीन नेऊन उपयोग नाही, त्यात तेल जेमतेम 18-20 टक्के. भुईमूग किंवा जवस ने. जवसाचं तेल लवकर खवट होतं, थोडं-थोडंच काढून आण. वर्ध्याला मगनवाडीत 1934 नंतर गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाने घाणीचं तेल, हातसडीचा तांदूळ यांचंच काम मांडलं होतं. मीठ तेव्हाही समुद्रावरूनच यायचं. त्यामुळे मीठ आणि चहा यांवर घरात भांडू नका. हळद वायगावची, तिखट भिवापूरचं, ही काळजी नाहीच.

चैत्र-वैशाखात भाजी मिळणार नाही. मुगवड्या, वाळवलेली वांगी असं काही डब्यात हवं, नाहीतर मेमध्ये तू बाजारातून कोबी आणशील. आण, पण मग लपवू नकोस.

आणखी एक. शेजारच्या घरी राशनचा तांदूळ शिजत असेल. माणशी महिन्याला 5 किलो, त्यावर त्यांचा महिना निघतो. आपल्या ताटाचं कौतुक त्यांच्यासमोर नको. उलट त्यांच्या म्हाताऱ्या आईला विचार, कण्या कशा करायच्या, आंबील किती आंबवायची. मला जे येतं, ते अशाच एका ओसरीवर आलं.

मृगाच्या आधी एकदा येऊन जा. गावरान ज्वारीचं बी राखेत घालून ठेवलंय. आंबाडीचं बी लुगड्याच्या चिंधीत बांधून भिंतीतल्या देवळीत आहे. येताना पिशवी आण, मागच्या वेळची माझी परत केली नाहीस.

तुझी,
काकू