दाभोळ उजव्या तीरावर कसे?

प्रश्न : आम्ही धोपाव्याचे. मुलीच्या वहीत ‘दाभोळ वाशिष्ठीच्या उजव्या तीरावर आहे’ असे लिहून आले. आम्हाला दाभोळ समोर दिसते, त्यात उजवे-डावे कुठून आले? माझा भाऊ होडीवर असतो. तो म्हणतो, समुद्रातून खाडीत शिरताना दाभोळ डाव्या हाताला लागते. शिवाय भरती लागली की पाणी चिपळूणकडे चढते. मग तेव्हा तीर उलटे धरायचे का?
– एक वाचक, धोपावे, ता. गुहागर

उत्तर : वहीतले बरोबर आहे, आणि आपल्या भावाचेही.

नदीचा तीर सांगताना उगमाकडे पाठ आणि मुखाकडे तोंड करून उभे राहायचे. उजव्या हाताला येतो तो उजवा तीर. वाशिष्ठी सह्याद्रीतून उतरून पश्चिमेला समुद्राला मिळते. पश्चिमेकडे तोंड केले की उजवा हात उत्तरेला, म्हणून दाभोळ उजव्या तीरावर. आपले धोपावे, अंजनवेल आणि तिथला गोपाळगड डाव्या तीरावर. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट डावीकडे, बागमांडला उजवीकडे. शास्त्रीच्या मुखाशी जयगड डावीकडे, तवसाळ उजवीकडे.

भरतीचा प्रश्न मला फार आवडला. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यातली बरीचशी घाटावर. तिथल्या माणसाला हा प्रश्न पडायचे कारणच नाही, कारण त्याची नदी कधी मागे फिरत नाही. आपल्याकडे ती रोज दोनदा फिरते. वारा पडलेला असेल तेव्हा धक्क्यावर उभे राहून नांगरलेल्या होड्या बघा. भरतीला त्यांची नाळ, म्हणजे पुढचे टोक, समुद्राकडे असते. मग पाणी थांबल्यासारखे होते, होड्या जरा वेळ कशाही आडव्या-तिडव्या राहतात, आणि सुकती म्हणजे ओहोटी लागली की एकेक करून नाळ चिपळूणकडे वळते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हे ठसठशीत दिसते, भांगाच्या म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत पाण्याला तेवढी ओढ नसते. पावसाळ्यात तर आणखी गंमत. वरून येणारे गोडे पाणी हलके, ते वरच्या थराने समुद्राकडे जात असते आणि त्याच वेळी तळाशी जड खारे पाणी आत सरकत असते. एकाच जागी, एकाच वेळी दोन दिशा! आता यातली नदीची दिशा कोणती म्हणायची? म्हणूनच तीर ठरवताना त्या घटकेचे पाणी बघत नाहीत. उगम कुठे आणि मुख कुठे, एवढेच बघतात. ते भरतीने बदलत नाही, तीरही बदलत नाहीत.

आपले भाऊ हिशेब धरतात तो समुद्राकडून. बंदरात शिरणाऱ्याला वाट दाखवणाऱ्या बोयांची रीतही तशीच आहे : आपल्या देशात आत येताना लाल बोया डाव्या हाताला ठेवायचा, हिरवा उजव्या. म्हणजे वाशिष्ठीत लाल बाजू ती नदीच्या उजव्या तीराची. दर्यावर्दी माणूस आत येतो आणि नदी बाहेर जाते, तेव्हा दोघांचे हात उलटे पडणारच. मुलीला हे आवर्जून सांगा, नाहीतर ती काकांना चुकीचे ठरवेल.

एक मात्र पाठ करू देऊ नका : ‘उजवा तीर म्हणजे उत्तर.’ कोकणात ते बहुतेक ठिकाणी जुळते, पण घाट चढला की फसते. सावित्री आणि कृष्णा दोघी महाबळेश्वरच्या. सावित्रीचा उजवा तीर उत्तरेला. कृष्णा वाईवरून पूर्वेकडे जाते, तिथे तिचा उजवा तीर दक्षिणेला. कोयना तर महाबळेश्वरहून दक्षिणेला उतरते, तेव्हा उजवा तीर पश्चिमेचा, आणि हेळवाकपाशी ती कऱ्हाडकडे पूर्वेला वळली की तोच तीर दक्षिणेचा होतो. कुंभार्ली घाटाने कऱ्हाडला जाल तेव्हा हे वळण मुलीला दाखवा. नकाशापेक्षा तिथे चटकन उमगते. (याच कोयनेचे पाणी बोगद्यातून पोफळीला उतरून वीज करते आणि पुढे आपल्या वाशिष्ठीत येते.)

धरणाच्या कालव्यांना ‘डावा’ आणि ‘उजवा’ म्हणतात तेही याच नियमाने : नीरा डावा कालवा, मुठा उजवा कालवा.

‘ऐलतीर-पैलतीर’ची गोष्ट वेगळी. तिथे मोजमाप बोलणाऱ्यापासून. आपल्याला दाभोळ पैलतीर, दाभोळकराला धोपावे पैलतीर. फेरीबोटीने पलीकडे उतरलात की ऐल तेच पैल. बोलण्यात हे शब्द गोडच आहेत, मला स्वतःला ते डाव्या-उजव्यापेक्षा जवळचे वाटतात. पण पुराच्या वेळी ते वापरू नयेत असे मी कळकळीने सांगतो. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडाले तेव्हा वरून पूर आणि खालून भरती अशी गाठ पडली होती. अशा वेळी मदतीला बाहेरगावची माणसे येतात. त्यांना ‘पलीकडे माणसे अडकली आहेत’ असा निरोप गेला तर पलीकडे म्हणजे कुठे? ‘डाव्या तीरावर, अमुक पुलाच्या वरच्या अंगाला’ असे सांगा. त्यातही ‘वरच्या अंगाला’ म्हणजे उगमाकडे, मग भरतीचे पाणी कुठेही चढत असो.

मुलीच्या वहीतले वाक्य तसेच राहू द्या. त्याखाली तिच्याकडून एक ओळ वाढवून घ्या : ‘आणि आमचे धोपावे डाव्या तीरावर आहे.’