कॅनडात ट्रक चालवायला येताय? आधी पगार कसा देणार ते विचारा

नमस्कार. तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: वय ३४, हेवी लायसन्स, बंदरावरून कंटेनरचे ट्रेलर चालवण्याचा दहा वर्षांचा अनुभव. एजंट म्हणतो, कॅनडाचा एलएमआयए काढून देतो, लाखांत पैसे द्या, उतरलात की ट्रक हातात. आणि ते नाहीच जमलं तर डिलिव्हरीची व्हॅन चालवून भागेल का, हे तुम्हाला विचारायचं आहे. मी ओंटारिओत हेच काम करतो, म्हणून इथलं सांगतो. दुसऱ्या प्रांतांत नियम थोडे वेगळे असतात.

एलएमआयए म्हणजे 'या कामाला इथला माणूस मिळत नाही, बाहेरून आणू द्या' असं सांगून मालकाने सरकारकडून मिळवायची मंजुरी. तिची फी १,००० डॉलर. ती मालकानेच भरायची, कामगाराकडून वसूल करायला कायद्याने मनाई आहे. तेव्हा तुमच्याकडे मागितलेले लाख हे फीचे नाहीत, कागद विकण्याचे आहेत. असा कागद घेऊन आलेल्यांच्या परमिटवर एकाच मालकाचं नाव असतं, त्यामुळे त्याने पगार अडवला तरी माणूस तोंड उघडत नाही. छळ होत असेल तर खुलं, म्हणजे कोणत्याही मालकाकडे चालणारं, वर्क परमिट मागता येतं, पण पुरावे लागतात, आणि घाबरलेला माणूस पुरावे ठेवत नाही. पूर्वी एलएमआयएवाल्या नोकरीला एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे पीआरसाठी (कायमच्या रहिवासासाठी) गुणांवर माणसं निवडायच्या पद्धतीत, जादा गुण मिळायचे. २५ मार्च २०२५ पासून तेही गेले.

'उतरलात की ट्रक हातात' हेही खोटं. भारतातलं हेवी लायसन्स इथे बदलून मिळत नाही. आधी कारचं पूर्ण 'जी' लायसन्स, मग ट्रेलरसाठी 'एझेड'. त्यातला 'झेड' म्हणजे एअर ब्रेकची परवानगी. मेडिकल, डोळे, लेखी परीक्षा हे सगळं आहेच. शिवाय १ जुलै २०१७ पासून ओंटारिओत एझेडच्या रोड टेस्टआधी किमान १०३.५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, त्याला सगळे 'मेल्ट' म्हणतात. फी हजारो डॉलरांत जाते. २०१८ साली सस्कॅचेवान प्रांतात हम्बोल्टच्या हॉकी संघाची बस आणि ट्रक यांच्या अपघातात १६ जण गेले, त्यानंतर आणखी काही प्रांतांनीही असे नियम आणले. तुम्ही कितीही मुरलेले असा, शाळेत बसावंच लागेल. आणि बसाच, असं माझं मत आहे. ५३ फुटी ट्रेलर गोदामाच्या डॉकला बॅक घेताना मागे उभं राहून 'येऊ दे, येऊ दे' म्हणणारा क्लीनर इथे नसतो.

लायसन्स आलं तरी पहिली नोकरी अवघड जाते. कारण विमा. विमा कंपन्यांना इथला दोन-तीन वर्षांचा अनुभव हवा असतो, म्हणून चांगल्या कंपन्या नवख्याला दारात उभं करत नाहीत. जे घेतात त्यांच्यात काही नीट शिकवणारे असतात, काही नवख्याच्या गरजेवरच धंदा करणारे.

ते ओळखायचे कसे? पगार कसा देणार, हे विचारा. लांबच्या गाड्यांना बहुतेक ठिकाणी मैलावर पैसे मिळतात. नुसता हिशोब म्हणून मैलाला ६० सेंट धरा. ५०० मैल झाले की ३०० डॉलर, ऐकायला छान. पण गाडी दहा तास चालली, डॉकवर माल उतरायची तीन तास वाट पाहिली, वर तपासणी, डिझेल, कागद यांचा एक तास. ३०० ला चौदा तासांनी भागा, ताशी जेमतेम साडेएकवीस डॉलर पडतात. म्हणून डॉकवर थांबण्याचे पैसे किती तासांनंतर सुरू होतात, हायवे बंद पडून अडकलो तर काय मिळतं, हे सही करण्याआधी लेखी घ्या. प्रांताबाहेर माल नेणाऱ्या कंपनीच्या नोकराला ओव्हरटाइमही आहे: शहरातल्या ड्रायव्हरला आठवड्याच्या ४५ तासांनंतर, हायवेवाल्याला ६० नंतर. हे मालक आपणहून सांगत नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाचं. बरेच मालक म्हणतील, 'स्वतःच्या नावावर कंपनी काढ, चेक तिच्या नावाने देतो, टॅक्स कापत नाही.' याला इथे 'ड्रायव्हर इंक' म्हणतात. ट्रक त्यांचा, माल त्यांचा, वेळा त्यांच्या, आणि कागदावर तुम्ही म्हणे व्यावसायिक! हातात चार पैसे जास्त दिसतात, पण सुट्टीचे पैसे, ओव्हरटाइम, बेकारी विमा काही नाही, आणि टॅक्सचं झेंगट पुढे तुमच्याच गळ्यात. तुमच्यासाठी त्याहून वाईट म्हणजे कॅनेडियन एक्सपीरिअन्स क्लासमधून, म्हणजे इथल्या कामाच्या अनुभवावर, पीआर मागताना स्वयंरोजगाराचा अनुभव धरतच नाहीत. तीन हिवाळे गाडी मारून हिशोबात शून्य. टी-४ देणारा, म्हणजे नोकर म्हणून पगार दाखवणारा मालक मैलाला पाच सेंट कमी देत असेल तरी तोच धरा.

कामाचे तास कॉम्प्युटर मोजतो. ट्रकमधला ईएलडी, म्हणजे तास नोंदवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, चाकं फिरली की नोंद करतो. कॅनडात दिवसाला १३ तास गाडी, एकूण १४ तास काम, मग विश्रांती. झोप येत असताना 'अजून दोन तास ओढ' म्हणणाऱ्या डिस्पॅचरला (ऑफिसातून गाड्या पाठवणाऱ्याला) नाही म्हणायला हा डबा फार उपयोगी पडतो. अमेरिकेत गेलात तर ११ तासच. तिकडे जायला भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो, पीआर असला तरी. आणि जून २०२५ पासून तिथे रस्त्यातल्या तपासणीत इंग्रजीत उत्तरं देता आली नाहीत तर गाडी जागेवर थांबवतात. इंग्रजी बोलण्याचा सराव आजपासून करा.

हिवाळ्याबद्दल थोडंच सांगतो, कारण तो वाचून कळत नाही. कसारा उतरलेल्या माणसाला चढ-उताराची भीती नसते. इथे सपाट रस्ताच फसवतो. लेक सुपिरिअरच्या वरच्या अंगाने जाणारा हायवे १७ बर्फात बंद झाला की वावा गावाजवळ रात्र ट्रकमध्येच काढायची. रिकामा ट्रेलर आणि आडवा वारा असेल तर तासभर उशीर परवडला. पहिला हिवाळा शिकवणाऱ्याबरोबर जाईल अशीच नोकरी बघा.

डिलिव्हरी व्हॅन पोट भरायला ठीक. पण तुमचं गणित पीआरचं असेल तर नीट पाहा: सरकारच्या कामांच्या यादीत (एनओसी) ट्रेलरचं काम ७३३०० नंबरचं, टीअर म्हणजे कौशल्याच्या पातळीत ३ मध्ये, म्हणून कॅनेडियन एक्सपीरिअन्स क्लासमध्ये चालतं. डिलिव्हरी ७५२०१, टीअर ५, ते तिथे चालत नाही. अ‍ॅपवरची डिलिव्हरी तर स्वयंरोजगारच. दोन्ही कामांचे प्रांतवार पगार जॉब बँक या सरकारी साइटवर हेच नंबर टाकून बघता येतात.

तिकडे असतानाच एक काम करून ठेवा. आरटीओकडून लायसन्स कधीपासून आहे याचं अधिकृत पत्र काढा, त्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन्‌ अक्षर जुळलं पाहिजे. दोन वर्षांहून जास्त अनुभव अशा पत्राने सिद्ध झाला तर थेट जी ची रोड टेस्ट देता येते, नाहीतर नवशिक्यासारखं टप्प्याटप्प्याने थांबत बसावं लागतं. इथे आल्यावर ते पत्र मागवायला महिने जातात.

एजंटने ऑफर लेटर दिलं असेल तर पगार तासावर लिहिलाय की मैलावर, तेवढं बघून कळवा. पैसे तोवर देऊ नका.