प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास

रत्नागिरीत नुकताच प्रवेश घेतलेल्या तुला तृतीय वर्षातून आवर्जून सांगतो की, पहिल्या सत्राचा निकाल लागेपर्यंत एकाच उपक्रमात नाव घाल. माझ्या मते तो राष्ट्रीय सेवा योजनेचा असावा, कारण तिचे १२० तास वर्षभर विभागता येतात आणि सात दिवसांच्या शिबिरात वहाळावर वनराई बंधारा घालताना, मातीने भरलेल्या गोणी हातोहात पुढे देताना, जी मैत्री जमते ती वर्गात सहसा जमत नाही. युवा महोत्सवाची ओढ स्वाभाविकच आहे. परंतु तालमी लांबतात, म्हणून लांजा-राजापूरकडे परतणाऱ्याने शेवटच्या एसटीची वेळ आधीच दिग्दर्शकाला सांगावी. जर्नल मात्र प्रात्यक्षिकाच्याच दिवशी पूर्ण करून सही घे, कारण सत्राअखेरीस प्रयोगशाळेबाहेर मोठी रांग लागते.