प्रोसेसर बदलताना मदरबोर्डच्या सॉकेटमधील दोन-तीन पिना वाकल्या. त्या घरी सरळ करता येतील, की बोर्ड टाकून द्यावा?

करता येतात. मी केल्या आहेत, आणि त्यानंतर तो बोर्ड पाच वर्षे विनातक्रार चालला.

2019 साली आमच्या घरच्या संगणकात एच६१ चिपसेटचा बोर्ड आणि इंटेलचा आय३-२१०० प्रोसेसर होता. त्याच एलजीए ११५५ सॉकेटमध्ये (यात पिना बोर्डाच्या बाजूला असतात) आय७-३७७० बसतो आणि दोनाऐवजी चार कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे गणक भाग, मिळतात, म्हणून मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एक वापरलेला आय७ आणला, आधी बायोस (बोर्डातील संगणक सुरू करणारी प्रणाली) अद्ययावत केले आणि रविवारी सकाळी पेटी उघडली. जुना प्रोसेसर काढून ठेवला, तोच गॅसचा सिलिंडर आला. दोन मिनिटांनी परतले, तर आमचे थोरले बंधू हातात पिवळे फडके घेऊन उघड्या बोर्डापुढे उभे! “अगं, किती धूळ साचू दिलीस, पुसून घेतली,” असे ते म्हणाले. सॉकेटला आपण हात लावला नाही, फक्त आजूबाजूचे पुसले, हे त्यांचे म्हणणे आजतागायत कायम आहे.

नवा प्रोसेसर बसवला, संगणक सुरूही झाला, पण चार-चार जीबीच्या दोन रॅम असताना पडद्यावर चारच जीबी दिसू लागली. दादाने तत्काळ निदान केले की रॅम गेली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पैशांनी नवी रॅम आणली, फरक शून्य. मग मी जे पहिल्या दिवशीच करायला हवे होते ते केले: प्रत्येक रॅम एकेक करून दोन्ही खाचांत लावून पाहिली. पहिल्या खाचेत तिन्ही चालत होत्या, दुसऱ्या खाचेत एकही नाही. या पिढीत रॅमचे नियंत्रण प्रोसेसरच्या आतच असते आणि माझ्या बोर्डावरच्या दोन खाचा म्हणजे दोन वेगळी चॅनेल (प्रोसेसर आणि रॅममधले स्वतंत्र मार्ग), त्यामुळे एक चॅनेल सबंध नाहीसे होते तेव्हा संशय सर्वप्रथम सॉकेटवर घ्यावा. दुरुस्तीच्या दुकानात बोर्ड नेला, तर तेथील गृहस्थांनी खाली वाकूनही न पाहता “फिजिकल डॅमेज आहे मॅडम, बोर्ड बदला” असे सांगितले. त्या सॉकेटचा चांगला बोर्ड नवा मिळणे तोवर दुरापास्त झाले होते, आणि नव्या पिढीचा बोर्ड घ्यायचा तर प्रोसेसर आणि डीडीआर३ रॅम दोन्ही निकालात काढावी लागणार होती.

म्हणून घरी येऊन आजोबांचे घड्याळदुरुस्तीचे भिंग डोळ्याला लावले आणि मोबाइलचा दिवा बाजूने, अगदी तिरका धरला. वरून प्रकाश टाकल्यास काही कळत नाही. तिरक्या प्रकाशात पिनांची टोके एका ओळीत चमकतात आणि वाकलेल्या पिनेपाशी ती ओळ तुटते. दोन ठिकाणी ती तुटली होती. एक पिन शेजारणीच्या अंगावर रेलली होती आणि दुसरीच्या आकड्याखाली केसाएवढा एक धागा अडकला होता. पिवळा.

सरळ करण्याचे काम हाताचे कमी आणि डोळ्याचे जास्त आहे. 0.5 मिलिमीटरच्या यांत्रिक पेन्सिलीतील शिसे काढून तिचे पोकळ टोक पिनेच्या टोकावर अलगद बसवले, केसभर उचलले, टोक बाजूला घेतले, भिंगातून पाहिले, पुन्हा केसभर उचलले. धागा चिमट्याने, पिन ज्या दिशेला झुकलेली असते त्याच दिशेने ओढून काढला. दोन पिनांना पाऊण तास लागला. एका झटक्यात सरळ करू पाहणारा माणूस पिन मोडतो, कारण मागेपुढे दोन-तीनदा वाकवली की ती मुळाशी तुटते. शेजारच्या पिनांशी उंची आणि कल जुळला की थांबावे, आणखी सुबक करण्याच्या फंदात पडू नये. प्रोसेसर बसवला, आठ जीबी दिसली.

आता माझे स्पष्ट मत. सॉकेटला फडके, कापूस, ब्रश यांपैकी काहीही लावू नये. प्रत्येक पिन ही वर उचललेली बारीक स्प्रिंग असते, तिचे टोक मोकळे असते आणि कापडाचा धागा त्यात हमखास अडकतो. “वापरलेला प्रोसेसर आणलास, त्यानेच पिना वाकवल्या,” हा दादाचा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही, कारण प्रोसेसरच्या खालची बाजू सपाट असते आणि तिला पिवळे धागे फुटत नाहीत. तो धागा मी वहीत सेलोटेपखाली चिकटवून ठेवला आहे.

काही गोष्टी मात्र आधीच सांगायला हव्या होत्या. एकमेकींना टेकलेल्या पिना दिसत असतील तर “चालतो का पाहू” म्हणून वीज देऊ नका. प्रोसेसरही जाऊ शकतो, माझा नशिबाने वाचला. बोर्ड वॉरंटीत असेल तर काहीही करण्यापूर्वी छायाचित्रे काढा आणि सॉकेटवरचे प्लास्टिकचे झाकण शोधा, कारण ते नसेल तर बोर्ड परत घेण्यास खळखळ होते. अर्थात वाकलेल्या पिना बहुधा वॉरंटीत बसतच नाहीत. एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर-कंपनीच्या एएम४ सॉकेटच्या बाबतीत पिना प्रोसेसरला असतात, तेथे ओळींमधून पातळ पाते फिरवून त्या सरळ करणे तुलनेने सोपे. 2022 च्या एएम५ पासून मात्र त्यांच्याही पिना सॉकेटमध्येच आल्या. आणि पिन मुळाशी तुटलीच असेल तर इंटेलने प्रसिद्ध केलेल्या नकाशात ती कोणती ते पाहा. ती अनेक भू-जोडण्यांपैकी (ग्राउंडच्या पिनांपैकी) एक निघाली तर बोर्ड बहुधा तिच्याविनाही चालतो. रॅमच्या ओळीवरची निघाली तर एका चॅनेलवर भागवा किंवा सॉकेट बदलून देणारा कारागीर शोधा.