बढती मिळाली, पण निर्णय देताना आवाज बसतो

प्रश्न : अलीकडेच मला टीम लीड म्हणून बढती मिळाली. कालपर्यंत बरोबरीने काम करणारे सहकारी आता माझ्या हाताखाली आहेत आणि त्यांतील एक अनुभवाने माझ्याहून ज्येष्ठ आहेत. मीटिंगमध्ये त्यांनी शंका काढली की माझा आवाज बसतो. शिवाय इतरांचे काम दुरुस्त करण्यात माझी रात्र जाते. आत्मविश्वास कसा वाढवावा?

उत्तर : रात्री बसून इतरांचे काम दुरुस्त करणे तुम्हाला जबाबदारीचे लक्षण वाटत असेल, माझ्या मते तुमचा आत्मविश्वास तिथेच अडला आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, 'हे मला जमेल' हा विश्वास स्वतः पार पाडलेल्या कामातून, इतरांना ते करताना पाहण्यातून, भोवतालच्यांच्या प्रोत्साहनातून आणि आपल्या शारीरिक-मानसिक अवस्थेतून येतो, आणि यांत पहिल्याचा प्रभाव सर्वाधिक असतो. तुम्ही रात्री पार पाडता ते काम मात्र जुन्या पदाचे आहे. काम सोपवणे, निर्णय देणे आणि त्याची जबाबदारी घेणे या नव्या पदाच्या कामांचा अनुभव त्यामुळे गाठीशी जमतच नाही. म्हणून चूक आढळल्यास ती दाखवून काम त्याच व्यक्तीकडे परत पाठवा, मग एखादा दिवस अधिक लागला तरी चालेल.

ज्येष्ठ सहकाऱ्यांशी मीटिंगपूर्वीच स्वतंत्रपणे बोला आणि त्यांचा आक्षेप नीट ऐकून घ्या. तरीही त्यांनी सर्वांसमोर 'ही मुदत पाळणे शक्य नाही' असे म्हटले, तर लगेच माघार घेऊ नका किंवा 'बघू नंतर' म्हणून विषय टाळूही नका. 'कोणता टप्पा अडेल असे तुम्हाला वाटते?' असे विचारा, उत्तर लिहून घ्या आणि त्याच बैठकीत सांगा : 'तपासणीसाठी दोन दिवस वाढवू, बाकीचे वेळापत्रक तेच राहील.' दिलेला निर्णय, त्यामागचे कारण आणि अपेक्षित परिणाम वहीत नोंदवून महिन्याने पडताळा. काही निर्णय चुकलेले दिसतील, पण आपला अंदाज कुठे बरोबर येतो आणि कुठे फसतो, हेही कळेल. (भाषणकलेच्या वर्गाची घाई नको, तुमची अडचण बोलण्याची नाही.)

एक शक्यता मात्र आधी तपासा. कोणते निर्णय तुमच्या अधिकारात आहेत, हे वरिष्ठांनी स्पष्ट केले आहे का? नसल्यास त्यांच्याकडून ते ईमेलवर लेखी मागून घ्या आणि टीमलाही कळवण्याची विनंती करा, कारण अधिकारच संदिग्ध असेल तर अनुभवी माणूसही असाच चाचरतो.